रोडग्यांची आग

चांद्याच्या जंगलातल्या आमच्या लाकूड डेपोत भांडणं फार. म्हातारा चौकीदार महिन्यातून एकदा सगळ्यांना निखाऱ्यांत भाजायचे कणकेचे रोडगे करायला बसवी. कारकुनाला कणीक मळायला लावी, गार्डाला वांगी चिरायला. "संगं खाल्लं का मनातलं निंगून जाते, भाऊ," म्हणे. आणि खरंच, भांडणं कमी झाली.

स्वतः मात्र तो फक्त गोवऱ्या पेटवी. त्याच्या जातीच्या हातचं आमच्यातले बरेच जण खात नसत. आपला रोडगा पळसाच्या पानावर घेऊन तो आगीपाशीच बसे.

एकदा नव्या कारकुनानं त्याला पंगतीत बोलावलं. सगळ्यांचे घास थांबले. त्यानं एकवार आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"नाई भाऊ, आग विझून जाईन," म्हणाला, आणि राख उकरत राहिला.

आग केव्हाच विझली होती.