इंजिन नवं, बॉडी तीच

माझे बाबा इंजिनाला कान लावून त्याचा आजार सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह," म्हणायचे, आणि उघडल्यावर तोच निघायचा. बस डेपोत चौतीस वर्षं हेच केलं. तिथं सगळे त्यांना 'कानवाले' म्हणत. घरात मात्र कुठलीही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागे.

निवृत्त झाल्यावर या माणसाचं काय करायचं, हा आम्हाला प्रश्नच पडला होता. सकाळी उठून घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. बिजागऱ्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून. तेवढ्यात आईला विद्यापीठाचं पत्र आलं.

आईची पदवी एका पेपरने राहिली होती. मी तेव्हा सहा महिन्यांची, तापाने फणफणलेली. बाबा म्हणाले होते, "तू जा पेपरला. मी दहाला घरी येतो." पेपर अकराचा. दहाला ते डेपोतून निघणार तोच कुणीतरी बंद पडलेली बस ओढून आणली आणि बाबा कान लावून बसले. घरी आले तीन वाजता, काळ्या हातांनी. मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत तो पेपर राहूनच गेला. तीस वर्षांत आईने एकदाही टोमणा मारला नाही, आणि बाबांना तेच जास्त लागलं, असं माझं मत आहे.

आता विद्यापीठाने अशा अडकलेल्या लोकांना एक संधी दिली होती. घरी बसून, संगणकावर, कॅमेरा चालू ठेवून तीन तासांचा पेपर सोमवारी. त्याआधी शनिवारी चारला यंत्राची तपासणी. तिथं गाडी अडली तर संधी गेली, ती कायमची.

आणि आमचा संगणक अकरा वर्षांचा! चालू करून अंघोळीला जावं, केस पुसत बाहेर यावं, तरी पडद्यावरचं चाक फिरतंच आहे. माझा लॅपटॉप ऑफिसचा, तो बाहेरचं काही चालूच देत नाही. "सरळ नवा घेऊ या," मी म्हटलं.

"कशाला? डबा धडधाकट आहे," बाबा म्हणाले. "इंजिन नवं, बॉडी तीच." कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढा लागला होता.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, नवी डिस्क, पंखा, सगळं ओळीने मांडलं. मी फोनवर व्हिडिओ बघत उंटावरून शेळ्या हाकत होते. बाबांना त्याची गरजच नव्हती. प्रोसेसर दोन बोटांत धरून ते आईला हाक मारत सुटले, "अगं, हे बघ! एवढंसं इंजिन! आणि गिअर नाही, क्लच नाही!" रॅम खाचेत बसताना खट्ट वाजली, तर त्यांनी ती काढून पुन्हा बसवली, केवळ तो आवाज ऐकायला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

बारा वाजता बटण दाबलं. दहा सेकंदांत पडदा उजळला! आम्ही तिघंही ओरडलो. शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या.

दोन मिनिटांनी सगळं ठप्प.

पुन्हा चालू केलं. पुन्हा दोन मिनिटं. दोन वाजले, तीन वाजले. दुरुस्तीवाल्याचा फोन लागेना. आई पुस्तक मिटून उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडे बघण्याची माझी छाती होईना.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर डब्याला लावून ऐकलं. "पंखा उत्तम फिरतोय." मग पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि चमकले. "गार आहे गं. इंजिन तापून बंद पडतंय आणि रेडिएटर गार? उष्णता वर पोचतच नाहीये!"

पंखा उपसून उलटा केला. खाली पारदर्शक प्लास्टिक तसंच, त्यावर लाल अक्षरं: बसवण्यापूर्वी काढा.

"बाबा! हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. म्हटलं, नवी वस्तू आहे, राहू दे. ओरखडे पडतात."

मी कपाळाला हात लावला. पण बोलणार कुणाला? आमच्या घरात टीव्हीचा रिमोट नऊ वर्षं पिशवीत आहे आणि सोफ्याचं कव्हर पाहुण्यांच्या पायाला चिकटतं. मला हसू आवरेना. आई हसली नाही. तिने घड्याळ पाहिलं, पुढे आली आणि नखाने कोपरा धरून ते प्लास्टिक सर्रकन सोललं. "लावा," म्हणाली.

पुसलं, उष्णता वर पोचवणारी नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले. चारला वीस कमी. दोन मिनिटं गेली. पाच गेली. दहा! बाबा बोट लावून ओरडले, "तापतंय! मस्त तापतंय!" वस्तू तापली म्हणून एवढा आनंद झालेलं आमचं एकच घर असेल.

चारला पडद्यावर परीक्षेच्या बाई आल्या. खोलीत दुसरं कुणी नको, म्हणाल्या. मी आणि बाबा बाहेर आलो, दार लावून श्वास रोखून उभे राहिलो.

"यंत्र ठीक आहे," बाईंचा आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला. "शेवटचं विचारते. पेपर चालू असताना काही बंद पडलं तर दहा मिनिटांत सुरू करावं लागेल. त्या वेळी घरात कुणी असेल का?"

बाबा खाली मान घालून उभे.

"असतील," आई म्हणाली. "माझे मिस्टर दाराबाहेर असतील. पूर्ण तीन तास."

"नक्की ना?"

"नक्की."

बाबांना तिने विचारलंही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. स्वयंपाकघरातून त्यांनी स्टूल आणलं, दाराशी ठेवलं आणि बसले.

"बाबा, पेपर सोमवारी आहे," मी म्हटलं.

"माहितेय," ते म्हणाले, आणि उठले नाहीत.