कलाबाईवालं गाणं

भूकंप हा आमचा सौंदडचा रॉक बँड. हसू नका, रॉकच होता! गिटार आणि गळा माझ्या मावसभावाचा, रत्नपालचा. ड्रमवर मी, संघदीप. १९९९ पासून आम्ही लग्नांत असा धिंगाणा घातला की म्हातारे कानात कापूस घालून आहेर द्यायला यायचे.

२००८ साली रत्नपालनं आमच्या गाजलेल्या गाण्यांची सीडी काढायला घेतली. त्याचा जीव अडकला होता एका गाण्याच्या शेवटच्या सुरात. तो वरचा सूर पठ्ठ्याला जन्मात एकदाच लागला होता, बहिणीच्या, मोनालीच्या लग्नात. रेकॉर्डिंगही तेवढंच. आणि नेमकं तेव्हाच पाहुणे रेल्वे पकडायला पळू लागले, म्हणून त्याच्या मायनं, कलाबाईनं, दुसरा माईक हिसकला:

"जेवल्याबिगर कोनी जाऊ नोका जी!"

मावशी तशीच. दारात कोणी भांडायला आला तरी म्हणणार, "आधी जेव, मंग भांड." भांडण तिथंच विरायचं, बाप्पा!

रत्नपाल गोंदियाच्या स्टुडिओवाल्याला म्हणाला, "मायचा आवाज काट."

"भाई, माँ को काटूँगा तो सुर भी कटेगा."

राहिला तसाच. सीडी निघाली आणि कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर ट्रकवाले ओरडू लागले, "वो खाने वाला गाना लगाओ!" आमचे पोट्टे त्याला कलाबाईवालं गाणं म्हणत. रत्नपाल जळून कोळसा.

"गाणं माहं हाय! माय, तू वाटोळं केलं."

"काऊन गा? लोक उपाशी गेले असते तं चाललं असतं?"

त्यानं हट्टच धरला. कोहमाऱ्याला ढाब्यांसमोरच्या मैदानात जाहीर कार्यक्रम होता, तिथं तो सूर निखळ लावून दाखवीन, म्हणाला. मायला बजावलं, "तू येऊ नोको." ती आली. मागं बसली, तोंडाला पदर लावून.

शेवटचं कडवं आलं. रत्नपालनं डोळे मिटले, छाती फुगवली... आणि कोंबडीची मान धरावी तसा आवाज निघाला! मी काड्या हवेतच धरून बसलो. तेवढ्यात अख्खं मैदान गरजलं:

"जेवल्याबिगर कोनी जाऊ नोका जी!"

मी असा ड्रम बडवला की एक काडी मोडली. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या आणि पब्लिक जायच्याऐवजी रांगा करून खाली बसलं. पंगतीला! अरे, सांगितलं होतं ना, जाऊ नका म्हणून!

मावशीनं पदर खोचला. "पाहून काय राहिले? भात टाका!" ढाबेवाल्यांनी हसत भट्ट्या पेटवल्या. या गाण्यावर त्यांची गिऱ्हाइकी वाढली होती, नाही कसं म्हणतील?

रत्नपालच्या हातात मावशीनं वरणाची बादली दिली. पहिल्या रांगेतल्या बकाराम बाबानं पत्रावळ पुढं केली आणि विचारलं, "गानं झकास होतं गा. कोनाचं होय?"

रत्नपाल थांबला. भट्टीजवळ घामानं निथळणाऱ्या मायकडं त्यानं पाहिलं.

"माह्या मायचं," तो म्हणाला. "वरन घ्या जी."