पंख्याची मागची बाजू

ओझेला बिव्हिन्सने आपला पहिला पंखा सोळाव्या वर्षी छापला, होजिया क्रम्प यांच्या मागच्या खोलीतल्या हातयंत्रावर. हॅलोवे गावातल्या काळ्या लोकांच्या वस्तीतले सगळे अंत्यसंस्कार क्रम्पच करत. जाड पुठ्ठा, खाली लाकडी काडी, पुढे येशू नाहीतर देवदूत आणि मागे क्रम्प यांचं नाव. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात चर्चच्या प्रत्येक बाकावर असे पंखे पडलेले असत. पंख्यामागे ज्याचं नाव, तोच आपल्याला मातीत पोचवणार, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"येशू दरवेळी गोराच का?" तिने विचारलं.

"ठसा तसाच आलाय बाजारातून. तुला काळा हवा तर कोर की."

तिने कोरला. मग धुणं वाळत घालणाऱ्या बाया कोरल्या, मोर्च्यात चालून झिजलेले बूट कोरले. चित्रांच्या दालनांची दारं तिला बंद होती. ती म्हणायची, "माझं प्रदर्शन दर रविवारी भरतं. लोक चित्र हातात धरून वारा घेतात."

१९६७ साली वस्तीतून महामार्ग न्यायचं ठरलं. सुनावणीला तिची आई लुवेनिया टोपी आणि हातमोजे घालून गेली. बोलायची चार वाक्यं तिने आठवडाभर पाठ केली होती. पहिलं झालं, तेवढ्यात रस्ते समितीचे अध्यक्ष लेलँड प्रुइट मान वर न करता म्हणाले, "बस, लुवेनिया. तिथं वाचवण्यासारखं काही नाही."

त्र्याऐंशी घरं पडली. आई आपल्या बहिणीच्या माजघरात, परक्या खाटेवर, त्याच हिवाळ्यात गेली. तिच्या अंत्यसंस्काराचा पंखा ओझेलानेच छापला, पण पुढची बाजू कोरी ठेवली. हात चाललाच नाही.

त्यानंतर ती फक्त घरं कोरत राहिली. लोकांना विचारायची, पायऱ्या किती होत्या? झोपाळा कुठल्या बाजूला? वीस वर्षांत त्र्याऐंशी घरं झाली. अटलांटाच्या एका संग्रहालयाने त्यातली काही घेतली. कुणीतरी लिहिलं की या चित्रांत क्षमा आहे. ओझेलाने ते कात्रण यंत्राची शाई पुसायला वापरलं.

मग एका ऑगस्टमध्ये चर्चचे रेव्हरंड गॅड्सडेन तिच्याकडे आले. चर्चच्या नव्या सभागृहाच्या परवानगीवर, अजूनही गावच्या कारभारात असलेल्या प्रुइटची सही सोमवारी व्हायची होती, आणि आदल्या रविवारी त्याचा सत्कार ठरला होता.

"सिस्टर ओझेला, त्या दिवसासाठी खास पंखे कराल?"

"करीन."

रेव्हरंड दारात थबकले. "एवढ्या लवकर आलेला होकार मला काही बरा वाटत नाही."

रविवारी त्यांनी पंखा उचलला. पुढे त्या त्र्याऐंशींतलं एक घर. मागे क्रम्प यांच्याच छपाईच्या जुन्या अक्षरखिळ्यांत, त्याच काळ्या चौकटीत नाव होतं: लेलँड प्रुइट.

"हे वाटायचे नाहीत!" ते पुटपुटले.

"वाटून झाले, रेव्हरंड," पांढरे हातमोजे सारखे करत सिस्टर टॉमी लू म्हणाली. पाहुण्यांना बाकावर बसवण्याचं काम तिचं. ओझेलाने वेगळा काढून दिलेला पंखा तिने पाहुण्याच्याच जागेवर ठेवला होता.

प्रुइट आला. सगळ्यांच्या हातात आपलं नाव बघून त्याचा चेहरा फुलला. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार पुढे झाला, तसा त्याने नावाची बाजू समोर करून पंखा छातीशी धरला. कुणी हसलं नाही. तीनशे पंखे संथ हलत राहिले. फक्त मागच्या बाकावरची एक म्हातारी रुमालात तोंड खुपसून म्हणाली, "अगं बाई, मेल्याने आपल्याच हाताने धरलाय!"

प्रार्थनेनंतर तो ओझेलाकडे आला. "छान केलंस हं, ओझेला. हे घर कुणाचं?"

"मिसेस लुवेनिया बिव्हिन्स यांचं."

नाव त्याला आठवलं नाही. "आणि मागे माझं नाव?"

त्याच्या खांद्यामागून रेव्हरंड डोळ्यांनी विनवत होते. वीस वर्षं तिला एवढंच हवं होतं: याला कळायला हवं, आणि तिच्या तोंडून कळायला हवं. शब्द जिभेवर आले होते. तिने ते गिळले.

"आमच्या चर्चची रीत आहे," ती म्हणाली. "मानाच्या माणसाचं नाव मागे असतं."

सोमवारी सही झाली. मंगळवारी सकाळी फोटो छापून आला. दुपारी ओझेलाचा फोन वाजला.

"माझ्या ऑफिसात झाडणारी बाई फोटो बघून हसत सुटली," प्रुइटचा आवाज घोगरा झाला होता. "सांगायला तयार नाही. काय आहे ते?"

"पंख्यामागे पुरणाऱ्याचं नाव असतं, मिस्टर प्रुइट. वस्ती तुम्ही पुरलीत. आमच्याकडे ते लिहून ठेवायचं राहिलं होतं."

तिने खुर्ची ओढून घेतली, पाठ ताठ केली.

"तुमच्या त्या सुनावणीत माझ्या आईची तीन वाक्यं राहिलीत, ती अशी: दारच्या पाच पायऱ्या माझ्या नवऱ्याने घडवल्या. माझी तीन मुलं या घरात जन्मली, एक इथंच गेलं. साहेब, पाडण्याआधी एकदा येऊन बघा."

तो काहीतरी बोलू लागला.

"बस, लेलँड," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.