सहा मतांची मूठ

वोल्फ्सबुर्गच्या बसस्टॉपवर रोज सकाळी एक जर्मन आजोबा माझ्याशेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या हातात नागरिकत्वाच्या परीक्षेची पुस्तिका दिसली, की ते ती ओढून घेत आणि माझी उलटतपासणी सुरू करत. बायको पहिल्याच फटक्यात पास झाली होती. मी नापास झालो तर घरात परका मी एकटाच उरणार, या धास्तीने मी पुस्तिका सतत जवळ बाळगायचो.

“बुंडेसराटमध्ये, म्हणजे संसदेतल्या राज्यांच्या सभागृहात, राज्यांच्या वतीने कोण बसतं?”

“आमदारांनी निवडून दिलेले खासदार!” राज्यसभेच्या जोरावर मी छातीठोक सांगितलं. वर दोन मिनिटं समजावूनही दिलं.

“नाइन, चूक. राज्याचे मंत्रीच.” आजोबांनी सहा बोटं वर केली. “आपल्या राज्याची मतं सहा. सहाही एकाच बाजूला पडायला हवीत.” मग त्यांनी पाच बोटांत सहावं पकडून मूठ आवळली.

“पूर्वी राज्यांचं असंच सभागृह होतं. नाझींनी ते बंद केलं. वडील सांगायचे, दुसऱ्या दिवशी ट्राम वेळेवर आली आणि सगळे कामावर गेले.”

तेवढ्यात आमची बस आली, अगदी वेळेवर. पहिल्यांदाच मला ते आवडलं नाही.

पुढे मी पास झालो. पेढा तोंडात टाकून आजोबांनी माझा हात घट्ट धरला.

“तुमची भीती संपली ना? आता माझ्यातली थोडी घ्या, त्या वेळेवर आलेल्या ट्रामची.”