कापसाच्या खोलीतली फिडल

आमच्या बँड पार्टीत मी फिडल वाजवायचो. कुनाकडं शिकलो न्हाई, कानानंच उचलली. म्हनून एका जागी दर वेळी ठेक्याच्या मागं पडायचो, जीपमागं पळनाऱ्या कुत्र्यावानी. पार्टीचा मालक माजा लहानपनचा दोस्त. त्यो म्हनायचा, "तिथंच मेलास का बे पुन्हा!"

तवा तेलगावात केबल नवी आलती. च्याच्या हाटेलात आमी दोघं गोऱ्या लोकायचं डिस्को बघायचो. खाली ठेका धाड धाड, अन् वर काळ्या कोटातल्या फिडलवाल्यायची अख्खी पंगत. माज्या अंगावर काटाच आला. दोस्त म्हनला, "आपुन लग्नात हेच वाजवू."

त्यानं आपसूक ठेका देनारा कीबोर्ड आनला. ढोलकीवाला अन् क्लारनेटवाला घरी बसले. मी हसलो त्यायला. आपल्याला काय भ्या? डिस्कोला फिडल लागतीच, अन् फिडल म्हंजी मी.

पन पंगत कुठून आनायची? दोस्तानं डोकं लावलं. मी वाजवायचं, ते टेपात भरायचं. ती टेप लावून तिच्यावर पुन्हा वाजवायचं, अन् दोन्ही मिळून दुसऱ्या टेपात. असे थरावर थर. आवाज घुमू नये म्हनून मला त्याच्या चुलत्याच्या कापसाच्या खोलीत बसवलं. आढ्यापस्तोर कापूस, मधी मी सरकीवानी.

"कावून भरतोस रे एवढं?" मी इचारलं.

"तू पुढं उभं ऱ्हायचं, मागं पंगत बी तुजीच."

लई फुगलो. बायकोला सांगितलं, आता मी एकटा न्हाई, लई जन हाय. ती म्हनली, "एकाचं करतानीच माजी कंबर मोडली."

लग्नसराईत धर्मापुरीची सुपारी आली. फिडल पार्टीच्या सामानात दोस्ताकडंच व्हती. आदल्या दिवशी त्यो म्हनला, "लग्नच मोडलं." मला तर नवरीचं वाईट वाटलं. तेवढ्यात मेव्हना दारात, "दाजी, उद्या धर्मापुरीला लग्नाला चला." आता धर्मापुरीत काय एकच लग्न आसतंय? गेलो.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. कोपऱ्यावरून बँडची जीप आली अन् असा डिस्को सुटला, फिडलीच फिडली! टोपी हातात घेऊन नाचलो. मेव्हन्याला वरडून म्हनलो, "कोन वाजवतंय बे? हाताचा मुका घ्यावा वाटतोय!"

मंग ती जागा आली. फिडल मागं पडली. एक न्हाई, समद्याच पडल्या. पाय तिथंच थांबले. एवढे जन मिळून तीच चूक करत्यात म्हंजी ते समदे मीच.

गर्दी कापत पुढं गेलो. जीपमधी दोस्त कीबोर्डापाशी, बाजूला टेप चालू. पुढं एक देखना गडी पांढऱ्या कोटात, हातात माजी फिडल, गज नुसता वर-खाली करत व्हता.

"लग्न मोडलंतं ना रे?"

दोस्त खाली बघत म्हनला, "स्पीकर मोठे घेतले. जीपमधी जागा न्हाई."

"मंग ह्यो कसा मावला?"

"त्याला कोट चांगला दिसतो."

जीपवर चढलो, फिडल वढून घेतली. "बंद कर ती टेप." केली त्यानं. मी वाजवायला लागलो, कधी वाजवलं नसंल असं. नाचनारे थांबले. मला वाटलं, ऐकत्यात. एक पाव्हना म्हनला, "ह्या खुळ्याला उतरवा की बे! पहिलाच लई ग्वाड वाजवत व्हता!"

दोस्त हसला आसता तर बरं झालं आसतं. हसला न्हाई. टेपचं बटन दाबलं त्यानं, माज्याकडं न बघता. लोकं पुन्हा नाचायला लागले.

कोटवाल्यानं फिडल घेतली अन् हळूच म्हनला, "दादा, हनुवटीखाली टोचती लई. धरायची कशी, तेवढं दाखवा की."

दाखवलं.