कंटेनरच्या आतून आलेले ठोके

भूतखेत, भानामती... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. रायपूरच्या पंडरी कापड बाजारात दुकान चालवणाऱ्याला जिवंत माणसांचाच त्रास पुरतो! तरी लिहितोय, कारण जे घडलं ते मला अजून पचलेलं नाही.

मी तिथल्याच बुढापारा मोहल्ल्यात वाढलो. आमच्याकडे पाणी म्हणजे बूढा तालाब. तरुणपणी मात्र मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात खलाशी होतो. माझा जोडीदार इब्राहिम, दाभोळकडचा. मला पोहता येत नाही यावरून रोज छळायचा — "तळ्यातला बेडूक समुद्रात कशाला आला रे?"

जहाजाच्या तळाशी पाण्याच्या बंद टाक्या असतात. आतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून साफसफाईला एक जण आत उतरला की दुसरा टाकीच्या तोंडाशी बसतो. एकाने पान्याने लोखंडावर दोन ठोके द्यायचे, दुसऱ्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की लगेच धोक्याची घंटा. आणि तोंडाशी बसलेल्याने काहीही झालं तरी जागा सोडायची नाही.

त्या दिवशी इब्राहिम आत होता, तोंडाशी आमच्याच खात्यातला पाटकर. पाटकरने जागा सोडली. किनारा जवळ आला, फोनला रेंज मिळाली, म्हणून हा डेकवर गेला. तिथे फोनवर हसताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलंय; टाकीत इब्राहिम आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. इब्राहिमला टाकीतून काढलं तेव्हा तो मेलेला होता.

चौकशीत पाटकर म्हणाला, इब्राहिम कुणाला न विचारताच टाकीत उतरला. साहेबांच्या मर्जीतला माणूस, त्याचं खरं मानलं. मी खरं बोललो तर मलाच भांडखोर ठरवून घरी पाठवलं; पुन्हा जहाज मिळालं नाही. माझं सोडा, मी कापडात पाय रोवले. पण इब्राहिमची आई दर ईदला फोनवर एकच विचारायची, "माझा इब्राहिम इतका बेफिकीर होता का रे?" मी नाही म्हणायचो. तिला वाटायचं, मित्र आहे, मन राखायला बोलतो.

पाटकर पुढे डर्बनला स्थायिक झाला. आणि या मे महिन्यात भरदुपारी माझ्या दुकानात उभा! मुलाचं लग्न इथल्या पुरानी बस्तीतल्या मुलीशी ठरलेलं, कोशाच्या रेशमी साड्या हव्या होत्या. पाटीवरचं माझं नाव वाचून ओळखलं म्हणे. मिठी मारली मला... माणसाने विसरावं तरी किती? मी चहा पाजला, मनसोक्त घासाघीस करू दिली. मग म्हणालो, खरा माल मागे गोदामात आहे.

माझं गोदाम म्हणजे जुना जहाजी कंटेनर. तो आत गेला आणि मी बाहेरून कडी घातली. आत दिवा होता, झरोक्यातून हवा येत होती. मारायचं नव्हतं मला. त्याला कळायला हवं होतं.

"पाटकर, आता तू आत, मी बाहेर. ठोक."

शिवी नाही, हाक नाही. मग आतून दोन ठोके आले. लोखंडावर लोखंड. थोडं थांबून पुन्हा दोन. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी उत्तर दिलं नाही. ठोके घाईने येऊ लागले... मग लांबत गेले, क्षीण होत गेले. आमचे जुने सेल्समन रामाधार भैया धावत आले. "सेठ, अंदर कौन ठोक रहा है? खोलव ना, मर जाही!"

मी दार उघडलं.

पाटकर मधोमध उकिडवा बसला होता. दोन्ही हात कानांवर. आणि दार सोडून तिन्ही बाजूंनी कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या — पत्र्याला बोट लागायला जागा नव्हती. आणि ठोके दारावरचे नव्हते, दाराशी तर मीच उभा होतो.

"उत्तर का देत नव्हतास?" तो रडत म्हणाला. "कधीचा ठोकतोय तो."

माझा राग तिथे विरायला हवा होता. नाही विरला. मी दाभोळला फोन लावून त्याच्या हातात दिला. "इब्राहिमची आई आहे. काहून गेलता तिथून, ते सांग तिले."

त्याने सांगितलं. मी जागेवर नव्हतो, इब्राहिमची चूक नव्हती, मी खोटं बोललो. मग तिने फोन मला द्यायला लावला. इतकंच म्हणाली, "आज झोप लागेल बाबा."

पाटकर साडी न घेताच गेला.

लोक सांगतात, मे महिन्याच्या उन्हात पत्रा तडतडतो. तडतडत असेल. पण दोन-दोन मोजून? रामाधार भैया तेव्हापासून त्या कंटेनरमध्ये एकटे जात नाहीत. मी जातो. बाहेरून पान्याने दोन ठोकेही देऊन पाहिलेत. आतून काही येत नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

पाटकरची मात्र मला तिळभर दया येत नाही. पुन्हा आला तर पुन्हा कडी घालीन. फक्त त्या वेळी ठोक्यांना उत्तर देईन.