सहा आठवड्यांचे इंजिनियर

मावला गावचे देवानंद बावीस वर्षं गुजरातेत, तेलविहिरी खोदणाऱ्या एका खाजगी कंपनीत होते. शिक्षण आयटीआयचं, पण शेवटची नऊ वर्षं नवे इंजिनियर त्यांच्याच हाताखाली तयार होत. खोदताना विहिरीत माती कालवलेलं पाणी सोडतात, ते फिरून टाकीत परत येतं. पहिला महिना देवानंद पोरांना फक्त त्या टाकीपाशी उभं करत.

"टाकी आपोआप भरून राह्यली की समजा, खालून गॅस येते. कोणाले विचारत बसू नका. पयले विहीर बंद करा, मंग विचारा."

हे अंगात मुरायला सहा महिने लागत. कंपनीने त्याचे सहा आठवडे केले, बाकीचं कॉम्प्युटरवर.

अशा सहा आठवड्यांच्या एका तुकडीत उटनूरची मयूरी होती. आपल्या जिल्ह्याची म्हणून देवानंदांना तिचं कौतुक. कॉम्प्युटरवर तिला ब्याण्णव मार्क पडले. पण खऱ्या विहिरीवर ती दर वेळी आधी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायची. देवानंदांनी शेरा लिहिला : 'एकटीला शिफ्ट देऊ नये. अजून तीन महिने हवेत.' मॅनेजरने तो कागद ठेवून घेतला, देवानंदांना स्टोअरला पाठवलं आणि मयूरी तयार आहे म्हणून दुसऱ्याची सही घेतली.

एकटीच्या शिफ्टच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी टाकी आपोआप भरू लागली. मयूरीला वाटलं, पातळी दाखवणारा काटा बिघडला असेल. तिने मॅनेजर साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. ती थांबली. आठ मिनिटांत गॅस वर आला आणि पेटला. संतोष नावाचा कामगार जागीच गेला. मयूरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत शेऱ्याचा कागद सापडला नाही. शिकवणारा म्हणून देवानंदांचं नाव तेवढं निघालं. नोकरी गेली.

गावी परतल्यावर ते उटनूरला गेले. मयूरीची आई, देवकाबाई, तिला भात भरवत होती. देवानंदांनी शेऱ्याची सगळी हकिगत सांगितली. मयूरीने शांतपणे ऐकून घेतली.

"काका, तुमी साहेबाले लिहून देलं. मले काऊन नाही सांगतलं?"

"तू लय खूश होती, पोरी. पेढे वाटून राह्यली होती. माह्या तोंडून निघालंच नाही."

"सांगतलं असतं तं मी शिफ्ट घेतली नसती."

देवकाबाईंनी पुढचा घास कालवला. देवानंदांना कुणी बसा म्हटलं नाही. ते तसेच बसस्टँडकडे निघाले.